किसुमूच्या तळ्याकाठची शाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरा साखर कारखान्यात आहे, म्हणून आम्ही केनियातल्या किसुमूत आहोत. मी आठवड्यातून तीन सकाळी दुंगा या काठावरच्या कोळीवस्तीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका सरकारी शाळेत गोष्टींचा तास घेते. सुट्टीत कराडला गेलं की मावशीपासून बँकेतल्या बाईंपर्यंत सगळे तेच तेच प्रश्न विचारतात, आणि इथं बदलीवर येऊ घातलेली कुटुंबंही तेच विचारतात. एकदाचं लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल. शाळेचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मुलं आहेत ती, त्यांचं प्रदर्शन नको.

किसुमू नक्की कुठं आलं?

केनियाच्या पश्चिम टोकाला, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर. हे सरोवर सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून मोठं. त्यातलं केनियाच्या वाट्याला जेमतेम सहा टक्के पाणी येतं, बाकीचं टांझानिया आणि युगांडाचं. किसुमू ज्या खाडीवर वसलंय तिला विनाम म्हणतात. इथले लुओ जमातीचे लोक सरोवराला ‘नाम लोल्वे’ म्हणतात. मला आपलं ‘तळं’च तोंडात बसलंय, तेव्हा खाली तळंच वाचा.

विषुववृत्त शहराच्या थोडं उत्तरेला आहे, पण उंची साधारण ११३० मीटर. त्यामुळे लोक समजतात तसं इथं भाजून निघत नाही. दुपार तापते, रात्री बरी असते. कराडचा मे महिना याहून वाईट.

घड्याळ तिथलं वेगळं असतं म्हणे?

भारतापेक्षा अडीच तास मागे, ते झालंच. खरी गंमत स्वाहिलीत वेळ सांगण्याची. इथं दिवस वर्षभर बारा तासांचाच, सूर्य साडेसहा-पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी त्याच सुमारास मावळतो. म्हणून स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतं. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. आठ म्हणजे ‘सा म्बिली’, दुसरा. आपल्या आज्या ‘दिवस कासराभर वर आला’ म्हणायच्या, त्याच जातीचं हे गणित. पहिल्या आठवड्यात मला शिपाईमामांनी ‘सा म्बिली’ला बोलावलं, मी दोन वाजता हजर! शाळा सुटायच्या बेतात होती. तेव्हापासून मी सांगितलेल्या प्रत्येक वेळेत सहा मिळवते.

जंगलातली शाळा आहे का? सिंह वगैरे?

नाही हो. समोरून टुकटुक जातात, आणि त्यातल्या कितीतरी आपल्या वाळूजच्या बजाज. बोडाबोडा, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलीही तशाच. परदेशात कुणाला माहेरच्या माणसांची आठवण येते, मला त्या इंजिनाच्या फटफटाटानं संभाजीनगरचा स्टँड आठवतो.

प्राणी म्हणाल तर पाणघोडा. दिवसभर तो पाण्यात डुंबतो आणि अंधार पडला की गवत खायला काठावर येतो. दिसायला सुस्त, पण माणसाच्या आणि पाण्याच्या मध्ये सापडलं की संपलं. त्यामुळे इथल्या आया मुलांना बागुलबुवाची भीती घालत नाहीत, पाणघोड्याची घालतात, आणि ती खरी असते. सकाळी शाळेच्या मागच्या गवतात कधीकधी त्याची पावलं उमटलेली दिसतात: चार बोटांची, ताटाएवढी. मुलं त्यात पाय ठेवून बघतात.

शाळा दिसायला कशी आहे?

आपली जिल्हा परिषदेची शाळा डोळ्यांपुढे आणा आणि छपरावर पत्रा टाका. झालं. एका ओळीत वर्ग, मधे मातीचं पटांगण, झेंड्याचा खांब, आंब्याचं झाड, पावसाचं पाणी साठवायची काळी टाकी. पत्र्याला इथं ‘मबाटी’ म्हणतात. भिंतीवर गुणाकाराचा पाढा, मानवी शरीराचं चित्र आणि केनियाचा नकाशा रंगवलेला. नकाशात तळं निळं आणि किसुमूपाशी लाल ठिपका. मुलांच्या बोटांनी तो ठिपका इतका पुसला गेलाय की दर वर्षी पुन्हा रंगवावा लागतो.

गणवेश सगळ्यांना. वर स्वेटर, तोही भर दुपारी. मी आधी कळवळले, ‘काढा गं, उकडत असेल.’ कुणी काढेना. मग एका शिक्षिकेनं हळूच सांगितलं, आतला शर्ट फाटका असला की स्वेटर उपयोगी पडतो. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

सगळ्यांची नावं ‘ओ’ आणि ‘अ’नंच का सुरू होतात?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. लुओंमध्ये बाळाचं नाव बहुधा ते कधी जन्मलं त्यावरून पडतं. मुलगा असेल तर ‘ओ’, मुलगी असेल तर ‘अ’. रात्री झालेला ओटियेनो, रात्रीची अटियेनो. सकाळची अकिन्यी. सूर्य माथ्यावर असताना ओचिएंग, अचिएंग. संध्याकाळची अधियाम्बो. पावसात जन्मलेला ओकोथ, मुलगी असेल तर अकोथ. जुळ्यांतला पहिला ओपियो, दुसरा ओडोंगो, आणि मुली असतील तर अपियो, अडोंगो. म्हणजे हजेरी घेताना तुम्ही एक अख्खा दिवस वाचत असता.

माझ्या तासाला चार अटियेनो आहेत. अपरात्री दवाखाना गाठायची किती आयांवर वेळ आली असेल, हे हजेरीपटावरून मोजता येतं.

शिकवतात कुठल्या भाषेत?

सरकारी धोरणानुसार खालच्या इयत्तांना परिसराची भाषा, पुढं इंग्रजी, आणि स्वाहिली विषय म्हणून सगळीकडे. खेड्यात परिसराची भाषा म्हणजे लुओ. शहरात सरमिसळ असल्यामुळे स्वाहिली आणि इंग्रजीच जास्त चालते. मुलं मैदानावर लुओत भांडतात, दुकानात स्वाहिलीत घासाघीस करतात आणि फळ्यासमोर इंग्रजीत गप्प बसतात. हा शेवटचा प्रकार आपल्याकडच्या नव्या इंग्रजी शाळांतही पाहिलाय. पोराला उत्तर येत असतं, भाषा आडवी येते.

लुओत सकाळी भेटलं की ‘ओयावोरे’ म्हणायचं. आभार मानायला ‘एरोकमानो’. एवढं आलं तरी मुलं खूश, आणि तुमच्या उच्चाराची नक्कल महिनाभर करतात.

तिथली दहावी-बारावी कशी असते?

सध्या जुनं आणि नवं एकत्र नांदतंय. १९८५पासून ८-४-४ अशी पद्धत होती: आठ वर्षं प्राथमिक, चार माध्यमिक, चार विद्यापीठ. आठवीच्या शेवटची सरकारी परीक्षा आपल्या दहावीसारखी जिवावर यायची. ती २०२३मध्ये शेवटची झाली. आता २-६-३-३-३: दोन वर्षं बालवाडी, सहा प्राथमिक, तीन कनिष्ठ, तीन वरिष्ठ, तीन विद्यापीठ. कनिष्ठचे सातवी ते नववीचे वर्ग प्राथमिक शाळांच्याच आवारात बसवलेत. आमच्याकडे त्यासाठी एक गोदाम रिकामं केलं. वरिष्ठला गेल्यावर विज्ञान, सामाजिक शास्त्रं किंवा कला-क्रीडा यांतली एक वाट निवडायची. शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि तीन सत्रांत संपतं.

नव्या पद्धतीत पाठांतर कमी आणि ‘करून शिका’ जास्त. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात रात्री आठ वाजता पोरगं सांगतं, उद्या बुजगावणं करून न्यायचंय. मग आईबाप काठ्या आणि जुने कपडे शोधत फिरतात. थर्माकोलचा राजगड ज्यांनी रात्री जागून केलाय त्यांना समजावून सांगायला नको.

कनिष्ठ वर्गांवर बरेच तरुण शिक्षक ‘इंटर्न’ म्हणून तुटपुंज्या मानधनावर घेतले गेले. पदवी पूर्ण, काम पूर्ण, पगार अर्धामुर्धा. आपल्याकडे त्याला शिक्षणसेवक म्हणतात.

फी किती?

सरकारी प्राथमिक शिक्षण २००३च्या जानेवारीपासून मोफत आहे. तेव्हा इतकी मुलं लोटली की एल्डोरेटजवळ एक ८४ वर्षांचे आजोबा, किमानी मारुगे, २००४मध्ये पहिलीत जाऊन बसले. सरकार दर मुलामागं शाळेला प्राथमिकसाठी वर्षाला १,४२० शिलिंग आणि कनिष्ठसाठी १५,०४२ शिलिंग देतं. शिलिंगचे साधारण ६५ ते ७० पैसे धरा. म्हणजे तिसरीतल्या मुलाच्या खडूपासून दिव्याच्या बिलापर्यंत वर्षाला हजारेक रुपये, तेही उशिरा येतात.

मोफत म्हणजे शिकवणं मोफत. गणवेश, जेवणाचे पैसे, परीक्षेचे कागद हे वेगळं. हे पैसे कधी येतात याचं गणित मला वर्षभर कळलं नव्हतं. ते खालच्या प्रश्नात आहे.

तळ्याचा आणि शाळेचा काय संबंध?

सगळा.

इथं ओमेना नावाची बोटभर चंदेरी मासळी मिळते. जवळा-सुकट डोळ्यांपुढे आणा, तशीच ती काठावर जाळ्यांवर पसरून वाळवतात. दुंगाला वाऱ्याची दिशा फिरली की वर्गात वसईचा वास येतो. ही मासळी रात्री पकडतात. होडीतून दिवे पाण्यावर धरायचे, उजेडाला मासळी गोळा होते, मग जाळं ओढायचं. ही युक्ती काळोख्या रात्रीच चालते. पौर्णिमेच्या आसपास सगळं तळंच उजळलेलं असतं, दिव्याला कोण विचारतो? त्या दिवसांत होड्या काठावर पडून असतात.

म्हणून शाळेत जेवणाचे पैसे अमावस्येच्या आगेमागे जमा होतात आणि पौर्णिमेला थकतात. मुख्याध्यापिका वसुलीचा कागद चांदण्यात काढतच नाहीत. मी त्यांना आमच्याकडचं कालनिर्णय दाखवलं, त्यातली अमावस्या-पौर्णिमेची खूण समजावली. आता ते त्यांच्या खोलीत लटकतंय. दुसऱ्या भिंतीवर शिक्षण खात्याचं वेळापत्रक आहे. दोन्हींपैकी खरं कुठलं, हे मी सांगत बसत नाही.

त्यात एप्रिल ते जुलै ओमेनाची मासेमारी कायद्यानं बंद असते. आपल्या कोकणातल्या पावसाळी बंदीसारखीच. दुसऱ्या सत्रात पट तोच असतो, हजेरी मात्र गळते. मोठे मुलगे वाळू भरायला किंवा बाजारात ओझी उचलायला जातात. मुली घरी धाकट्याला सांभाळतात, कारण आई किबुयेच्या बाजारात भाजी विकायला बसलेली असते. शिक्षक रागावतात, पण नाव काढून टाकत नाहीत. ऑगस्टमध्ये अर्धी मुलं परत येतात.

डब्यात काय असतं?

डबा क्वचित. शाळेत मोठ्या पातेल्यात गिथेरी शिजतं, म्हणजे मका आणि राजम्यासारखी घेवड्याची उसळ. घरी उगाली: मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. त्याचा लचका तोडून अंगठ्यानं खळगा करायचा आणि त्यात भाजी घ्यायची. भाजी बहुतेक ‘सुकुमा विकी’. नावाचा अर्थ ‘आठवडा ढकल’. पगार संपल्यावर आठवडा ढकलायची पालेभाजी! इतकं प्रामाणिक नाव मी दुसऱ्या कुठल्या भाजीचं ऐकलेलं नाही.

तळ्यातला चवीचा मासा म्हणजे न्गेगे. उजनीच्या काठी ज्याला चिलापी म्हणतात त्याचाच सख्खा भाऊ. मूळचा न्गेगे आता जवळपास दिसत नाही, आज त्या नावानं विकतात तो १९५०च्या दशकात बाहेरून सोडलेल्या नाईल जातीचा. त्याच सुमारास सोडलेल्या म्बुटानं, म्हणजे नाईल पर्चनं, छोट्या देशी माशांच्या शेकडो जाती खाऊन टाकल्या. म्बुटाचं मांस परदेशी जातं, सांगाडा काठावर तळून विकला जातो. मुलं तो चघळतात.

आणि हो, चपाती इथं सणाची असते. तेल लावून, पदर सुटलेली. आम्ही रोज खातो हे ऐकून पोरांना वाटलं आम्ही फार श्रीमंत आहोत.

आजारपणाची भीती नाही वाटत?

मलेरियाची वाटते. हा भाग केनियातला मलेरियाचा पट्टा आहे, मच्छरदाणीशिवाय झोपू नये. मलेरियाची लस २०१९च्या सप्टेंबरमध्ये शेजारच्या होमा बेपासून द्यायला सुरुवात झाली. तरी पावसाळ्यानंतर वर्गात दोन-तीन बाकं रिकामी असतातच.

दुसरा त्रास बिल्हार्झियाचा. काठच्या गोगलगाईंतून त्याच्या अळ्या पाण्यात येतात आणि कातडीतून शिरतात. उथळ पाण्यात, पाणगवताजवळ पाय घालू नका, कितीही मोह झाला तरी.

जंतांच्या गोळ्या शाळेतच देतात. यामागं एक मोठी गोष्ट आहे. इथून जवळच्या बुसियात १९९८पासून ७५ शाळांमध्ये एक प्रयोग झाला. नुसत्या जंतांच्या गोळ्यांनी मुलांची गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशानं घटली. तो प्रयोग करणाऱ्यांपैकी मायकेल क्रेमर यांना २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर. बॅनर्जींच्या आई निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर. मी हे शिक्षकांना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, ‘पाटणकर म्हणजे तुमच्या ओळखीतले का?’ कराड-पाटण अंतर बघता नाही म्हणणं जड गेलं.

पाऊस कसा असतो?

मार्च ते मे मोठा, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. पण रोजचा पाऊस तळंच पाडतं. दिवसा वारा तळ्यावरून जमिनीकडे वाहतो आणि दुपारनंतर आसपासच्या डोंगरांवर ढग फुटतात. रात्री वारा उलटा फिरतो आणि वादळं तळ्यावर होतात. मासेमारीला नेमकी तीच वेळ.

पहिला थेंब पत्र्यावर पडला की शिकवणं संपलं. आवाज इतका की शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागतं. शिक्षिका खडू ठेवतात, फळ्यावर एक गणित लिहितात आणि बोटानं ‘सोडवा’ म्हणतात. खिडकीकडची मुलं बाकं आत ओढतात. कुणीतरी धावत जाऊन टाकीच्या पन्हळीतला पाला काढतं. त्याची पाळी लावलेली असते. ओल्या मातीत गारा पडल्या तर मात्र गणितही थांबतं, सगळा वर्ग बाहेर. विषुववृत्तावर गारा! मी फोटो पाठवला तर भाऊ म्हणाला, गुगलवरून उचललास.

२०२०मध्ये तळ्याची पातळी फार चढली, काठची घरं, शेतं आणि कित्येक शाळा पाण्यात गेल्या. २०२४मध्ये पुन्हा. न्यांडो नदीच्या खोलगट भागात तर पूर दरसालचा पाहुणा. तेव्हा शाळाच निवारा होते: वर्गात चुली पेटतात आणि पोरं आंब्याखाली शिकतात.

जलपर्णी तिथंही आहे?

आहे, आणि पुणेकरांनी मुठेचं रडगाणं इथं येऊन गाऊ नये. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ती तळ्यात दिसली, मूळची दक्षिण अमेरिकेची. वारा फिरला की एका रात्रीत अख्खी खाडी हिरवी होते, होड्या अडकतात, बाजारात मासा येत नाही. १९९७मध्ये ती खाणारे भुंगे सोडले, त्यानं बरंच आवरलं, पण पुन्हा पुन्हा येते. दुंगाला तिच्या वाळवलेल्या दांड्यांच्या टोपल्या आणि खुर्च्या करतात. आमच्या सातवीनं तिच्या लगद्याचा कागद केला. खरखरीत झाला, शाई फुटते, पण त्यावर त्यांनी मला वाढदिवसाचं पत्र लिहिलं.

आपली माणसं आहेत का तिथं?

भारतीय म्हणाल तर सव्वाशे वर्षांपासून. मोम्बासाहून १८९६मध्ये निघालेला रेल्वेमार्ग १९०१च्या डिसेंबरात तळ्याला भिडला. तो बांधायला हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर आणले होते, त्यातले अडीच हजारांच्या आसपास मेले. नंतर दुकानदार आले, बहुतेक गुजराती आणि पंजाबी. आर्य प्रायमरी, एम. एम. शाह, आगा खान अशा शाळांच्या नावांत तो इतिहास अजून वाचता येतो. स्वातंत्र्यापूर्वी गोऱ्यांच्या, आशियाईंच्या आणि आफ्रिकींच्या शाळा वेगवेगळ्या असत. आज त्याच वर्गांत बहुतेक मुलं आफ्रिकी आहेत. २०१७मध्ये सरकारनं केनियातल्या आशियाईंना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली.

मराठी माणसं हातावर मोजण्याइतकी, आणि ती बहुधा साखरेमुळे. शहराच्या पूर्वेला किबोस, मिवानी, चेमेलिल, मुहोरोनी असा उसाचा पट्टा आहे. माझा नवरा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शिकला. इथं आपल्यासारखा गळीत हंगाम नसतो, ऊस बारमाही. त्यामुळे ‘पट्टा पडला (म्हणजे हंगाम संपला) की गावी या’ हे वाक्य आमच्या घरात चालत नाही.

१५ ऑक्टोबर २०२५ला रायला ओडिंगा गेले. किसुमूचं दैवत म्हणावं असा पुढारी, आणि गेले कुठं, तर केरळमध्ये, आयुर्वेदिक उपचार घेताना. त्या आठवड्यात मी दिसले की लोक थांबवून विचारायचे, ‘तुमच्या देशात नेमकं काय झालं?’ मी काय सांगणार? एका आजीनं माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

ओबामांची शाळा तीच का?

नाही. ओबामांचे वडील मासेनो शाळेत शिकले. किसुमूहून पंचवीसेक किलोमीटर, विषुववृत्ताला लागून, १९०६ची मिशनऱ्यांची शाळा. आमच्या शाळेतून अजून कुणी राष्ट्राध्यक्षाचा बाप निघालेला नाही.

आम्ही काय पाठवू?

कृपा करून आधी विचारा. दोन वर्षांपूर्वी एका हौशी मंडळींनी तीन खोकी पाठवली. नावं घेत नाही, हेतू चांगला होता. जकात आणि सोडवणुकीचे पैसे इतके झाले की त्यात इथल्या दुकानातून प्रत्येक वर्गाला नवी पुस्तकं आली असती. खोक्यात निघालं काय? सातवीचं जुनं भूगोलाचं पुस्तक (महाराष्ट्रातील मृदा), अर्ध्या वापरलेल्या वह्या, आणि लोकरीच्या टोप्या. विषुववृत्तावर. टोप्या पहिलीच्या मुलांनी चेंडू ठेवायला वापरल्या.

चेंडूवरून आठवलं. इथली पोरं प्लास्टिकच्या पिशव्या सुतळीनं गुंडाळून चेंडू करतात, त्याला ‘अजुआला’ म्हणतात. २८ ऑगस्ट २०१७ला केनियानं पिशव्यांवर बंदी आणली आणि चेंडूंचं कच्चं सामान महागलं. तुम्हीही सामानात कॅरीबॅग भरून आणू नका, विमानतळावर काढून घेतात.

मदत करायचीच असेल तर मुख्याध्यापक आणि शाळेचं व्यवस्थापन मंडळ यांना विचारून, इथंच खरेदी करून, पावतीसह. सध्या गरज टाकीच्या नळाची आहे. नळाचा फोटो कुणी फेसबुकवर टाकत नाही, हे मला मान्य आहे.

मी महिनाभर येऊन शिकवू शकते का?

पर्यटक म्हणून येऊन नाही. बिनपगारी कामालासुद्धा वेगळा परवाना लागतो, मलाही काढावा लागला. आणि खरं सांगू? महिन्यात मुलांना तुमचं नाव पाठ होतं तोवर तुम्ही निघता. पाहुणे म्हणून या, एक दिवस बसा, कवायत बघा, गिथेरी खा. हजेरीपुस्तकात सही करावी लागते.

आमची बदली किसुमूला होतेय. मुलांना कुठं घालू?

बहुतेक भारतीय कुटुंबं खासगी शाळा निवडतात. काहींत केनियाचा अभ्यासक्रम असतो, काहींत ब्रिटिश. दोन-तीन वर्षांत परतायचं असेल तर ब्रिटिश सोपा पडतो, असं माझं मत. वर्ष जानेवारीत सुरू होतं हे लक्षात ठेवून बदलीची तारीख ठरवा. जूनमध्ये येऊन ‘नवीन वर्ष सुरू झालं का?’ विचारणाऱ्या दोन आया मी पाहिल्यात, त्यातली एक मीच. मराठी घरीच शिकवावं लागेल.

यायचं कसं?

मुंबईहून नैरोबी थेट विमानानं सहा तास, तिथून किसुमू पाऊण तास. रस्त्यानं साडेतीनशे किलोमीटर, घाट सुंदर, ट्रक फार. जानेवारी २०२४पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी काढायची असते. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड जपा. ते परत येताना भारतात दाखवावं लागतं, नाहीतर मुंबईत उतरून घरी जायच्या ऐवजी विलगीकरणात.

गोष्टी कुठल्या सांगतेस?

आधी त्यांच्याकडून ऐकते. सुरुवात ठरलेली: मी म्हणायचं ‘हदिथी हदिथी’, वर्ग ओरडतो ‘हदिथी न्जो’, म्हणजे ‘गोष्टी, ये’. त्यांनी मला सिंबी न्याइमाची गोष्ट सांगितली. केंडू बेजवळ त्या नावाचं एक छोटं गोल तळं आहे. तिथं पूर्वी गाव होतं. पावसाळी रात्री एक म्हातारी भिजत आली, गावात नाचगाणं चाललेलं, कुणी तिला घरात घेतलं नाही. एका बाईनं तेवढं घेतलं. म्हातारी तिला म्हणाली, आत्ताच्या आत्ता निघ. रात्रीत सगळं गाव पाण्याखाली गेलं.

मग मी आपली चिमणी-कावळ्याची सांगितली. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं, पाऊस आला, कावळ्याचं वाहून गेलं. ‘चिऊताई चिऊताई, दार उघड.’ थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. थांब, तीट लावते. मी मराठीतच म्हणत होते आणि मधून इंग्रजीत सांगत होते. एरवी या ठिकाणी कराडची मुलं हसतात. इथला वर्ग गप्प झाला. मी पुढं जाणार तोच मागच्या बाकावरची एक अकोथ उभी राहिली आणि म्हणाली, ‘टीचर, मग चिमणीचं घर कधी बुडलं?’

मी म्हटलं, बुडत नाही, गोष्ट तशी नाही. तिनं शेजारणीकडे बघितलं. दोघींनी ठरवून मान हलवली, आणि पुढच्या तासाला वहीत चित्र काढून आणलं: तळं, पाण्याखाली मेणाचं पिवळं घर, वर होडीत कावळा, आणि त्याच्या हातात ओमेनाचा दिवा.